दृष्टांतातली कुंभारीण आणि बोरूतली शिकारीण



कीटक-भ्रमर न्याय आपल्या संप्रदायात कोणाला ठाऊक नाही? सप्ताहात मांडीवर बसणारे पोरसुद्धा तो सांगेल. भिंतीला मातीचे घर करणारी कुंभारीण एक अळी धरून आणते, त्या घरात कोंडते आणि दाराशी गुणगुणत राहते. अळीला मग दुसरे काही सुचत नाही. भीतीने म्हणा, ध्यासाने म्हणा, तिच्या मनात ती कुंभारीणच भरून राहते; आणि एके दिवशी ते घर फोडून कुंभारीणच बाहेर पडते. तसे जिवाने भगवंताचे ध्यान करावे, म्हणजे जीव भगवद्रूप होतो. एवढे सांगून कीर्तनकार थांबला की टाळकरी भजन उचलतात.

हा न्याय म्हणजे पारावरची गप्प नव्हे. श्रीमद्भागवताच्या ११ व्या स्कंधात, ९ व्या अध्यायात, अवधूत यदुराजाला आपले २४ गुरू सांगतो. त्यांतला शेवटचा कीटक-गुरू तो हाच. मुळात त्याला ‘पेशस्कृत्’ म्हटले आहे. नाथमहाराजांनी वाराणसीत पूर्ण केलेल्या आपल्या टीकेत याच स्कंधाचा विस्तार मराठीत केला. माझे गुरुजी हा दृष्टांत सांगत, त्यांचे गुरुजी सांगत, मीही चाळीस वर्षे सांगितला.

गेल्या माघात आमच्याकडे शिकून गेलेला एक तरुण कीर्तनकार रात्री उशिरा मोटारसायकलवर आला. जवळच्या एका गावच्या सप्ताहात दुपारच्या प्रवचनाची सेवा त्याच्याकडे होती. त्या दिवशी त्याने हाच न्याय मांडला आणि नववीतली एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, “महाराज, आमच्या गोठ्याच्या भिंतीवरचं मातीचं घर मी फोडून पाहिलं. आत पाच-सहा हिरव्या अळ्या निपचित पडल्या होत्या, आणि एक पांढरी अळी त्यांना खात होती. अळीची माशी होत नाही. अळी खाल्ली जाते.” काही जण हसले. एका वडीलधाऱ्याने तिला खाली बस म्हणून खुणावले. या मुलाने मात्र हात जोडून सांगितले, “माउली, तुझा प्रश्न मी झोळीत घेतला. काल्याच्या आत उत्तर देतो.”

तो माझ्यापुढे बसला आणि विचारू लागला, “बाबा, हा दृष्टांत सोडून देऊ का? की संतवचनावर शंका घेऊ नये असे सांगून मोकळा होऊ?”

मी म्हटले, “दोन्ही नको. सकाळी ऊन ओसरीवर आले की तुला एक कुंभारणीची धाकटी बहीण दाखवतो. आधी प्राणी पाहू, मग दृष्टांत पाहू.”

आता ही धाकटी बहीण कोण, ते सांगतो. माझा गळा गेल्यापासून मी कीर्तन सोडले. ओसरीवर बसायचे, वाचायचे, येणाऱ्याजाणाऱ्याला रामराम करायचा, हा दिनक्रम. ओसरीच्या कोनाड्यात बोरूंची एक जुनी जुडी आहे. गुरुजींच्या काळी अभंग उतरवून घ्यायला ते बोरू लागत. आता त्यांना कोणी हात लावत नाही. एका हिवाळ्यात माझ्या ध्यानात आले, की ऊन चढले की त्या जुडीपाशी एक काळी, सुतासारखी बारीक माशी येते. लांबीला जोंधळ्याच्या दाण्यापेक्षा थोडीशीच जास्त. एकटी येते, एका ठरावीक बोरूत शिरते, थोड्या वेळाने बाहेर पडते आणि परसातल्या पावट्याच्या वेलाकडे जाते. परत येताना तिच्या तोंडात मोहरीएवढे काळे काहीतरी असते.

घरातले म्हणाले, पंख फुटलेली मुंगी असेल. आमच्या तालुक्याच्या महाविद्यालयातून निवृत्त झालेले प्राणिशास्त्राचे एक प्राध्यापक माळकरी आहेत, एकादशीला भजनाला येतात. मी त्यांना विचारले. ते भिंग घेऊन आले, दोन तास माझ्याशेजारी बसले आणि म्हणाले, “महाराज, ही मुंगी नाही. ही गांधीलमाशीच्या गोतातली एकांडी शिकारीण आहे. हिची शिकार म्हणजे मावा.”

गांधीलमाशी म्हटले की आपल्याला पोळे आठवते, सुजलेला गाल आठवतो. पण गांधीलमाश्यांच्या बहुतेक जाती पोळे करतच नाहीत. राणी नाही, कामकरी नाहीत. प्रत्येक मादी आपले घर आपण करते, आपल्या लेकरांची बेगमी आपण करते. भिंतीवरची कुंभारीण त्यांतलीच. माव्याची शिकार करणाऱ्या या बारीक माश्यांच्या गटाला शास्त्रात ‘पेम्फ्रेडॉनिनी’ म्हणतात. इंग्रज अंमलात चार्ल्स बिंगहॅम नावाच्या अधिकाऱ्याने हिंदुस्थान, सिलोन आणि ब्रह्मदेशातल्या गांधीलमाश्या व मधमाश्यांचा मोठा ग्रंथ १८९७ साली प्रसिद्ध केला. सर सांगतात, तेव्हापासून या देशातल्या एकांड्या माश्यांच्या अभ्यासाला त्याचा आधार आहे.

ओळखायची कशी, ते सरांनी मला शिकवले. तुम्हालाही उपयोगी पडेल म्हणून सांगतो. पंख फुटलेल्या मुंग्या पहिल्या पावसानंतर एखाद्या संध्याकाळी थव्याने निघतात, दिव्याभोवती पडतात, पंख टाकतात. मुंगीच्या कमरेला गाठ असते. ही शिकारीण भर उन्हात, एकटी, रोज त्याच वाटेने ये-जा करते आणि हिच्या कमरेचा देठ गुळगुळीत असतो. साध्या माशीला पंख दोन, हिला चार. बोरूसारख्या नळीत घर करणारी एक लहान मधमाशीही असते. पण ती अंगावर पराग घेऊन येते, ही तोंडात मावा घेऊन येते.

भिंगाखाली पाहिले तर हिचे डोके अंगाच्या मानाने मोठे, जवळजवळ चौकोनी दिसते. पुढच्या पंखात शिरांनी आखलेल्या बारीक कोठ्या असतात, आणि गण ओळखायला त्या मोजाव्या लागतात. पेम्फ्रेडॉन आणि पॅसॅलीकस या गणांत पंखाच्या वरच्या कडेखाली अशा दोन कोठ्या. सेन्युलस गणात तीन, आणि कंबरेचा देठ लांब. स्टिग्मस गणात पंखाच्या पुढच्या कडेवरचा काळा ठिपका डोळ्यांत भरण्याइतका मोठा. आमच्या बोरूतलीच्या पंखात तीन कोठ्या आणि देठ लांब. म्हणून सर म्हणाले, ही सेन्युलस. आयुष्यभर मी अभंगाचे चरण मोजले; या वयात माशीच्या पंखातल्या कोठ्या मोजायला शिकलो.

आता मावा. शेतकरी वारकऱ्याला मावा काय सांगायचा? करडईच्या शेंड्यावर काळा थर बसतो, जोंधळ्याच्या पानामागे पिवळट थर बसतो, पावटा-चवळीच्या कोवळ्या डिरीवर काळी माळ लागते. सुईसारखी सोंड पानाच्या शिरेत घालून तो रस ओढत बसतो. पाठीमागे दोन बारीक नळ्या असतात, ती त्याची खूण. जास्तीचा गोड रस तो मागून टाकून देतो. त्याने पान चिकट होते, मग काळी बुरशी धरते. त्या गोडाच्या आशेने मुंग्या त्याची राखण करतात. आपल्यासारख्या उबदार हवेत माव्याच्या माद्या नराशिवायच जिवंत पिल्ले घालतात, आणि जन्मणाऱ्या पिल्लाच्या पोटात पुढच्या पिढीची जुळणी आधीच सुरू झालेली असते. हवा मानवली तर आठ-दहा दिवसांत ते पिल्लू स्वतः आई होते. सोमवारी चार दिसले तर पुढच्या सोमवारी शेंडा झाकलेला का असतो, ते यावरून कळेल.

या माव्याला खाणारे पुष्कळ आहेत. लाल ढालकिडा आणि त्याच्या अळ्या आपण ओळखतो. माव्याच्या अंगात अंडे घालणारी एक अगदी चिलटाएवढी परोपजीवी माशीही आहे. ती शेपटी पोटाखालून पुढे वळवून माव्याला टोचते, आणि काही दिवसांनी तो मावा फुगून वाळक्या गव्हाळ रंगाचा होऊन पानालाच चिकटतो. तिचे लेकरू त्या माव्याच्या आत वाढते. आमची शिकारीण तसे करत नाही. ती मावा उचलते आणि घरी नेते. शिकारी आणि परोपजीवी यांत एवढा फरक आहे.

तिचे घर पाहायचे म्हणून सरांनी एक बोरू धारदार पात्याने उभा चिरला, अगदी पुस्तक उघडावे तसा. आत एकामागे एक खोल्या, मध्ये पातळ पडदे. भिंतीला आतून रेशमासारखे अस्तर. या गणातल्या मादीच्या पोटाशी रेशीम स्रवणाऱ्या ग्रंथी असतात, त्या रेशमाने ती लेकराची खोली सारवते. पडद्याची रीत मात्र घराण्याघराण्याची वेगळी. पॅसॅलीकस गणातल्या माश्या झाडाचा चीक, राळ आणून पडदे आणि दार लिंपतात. पेम्फ्रेडॉनच्या काही जाती काटेरी झुडपांच्या वाळक्या काड्यांतला भुसभुशीत गाभा कोरून वाट करतात आणि त्याच भुशाचे पडदे उभे करतात. डायोडॉन्टस गणातल्या जमिनीत बीळ करतात.

प्रत्येक खोलीत मावा खच्चून भरलेला होता. मी वीसावर मोजले आणि डोळे दमले. काही जाती माव्याला नांगी मारतात, काही नुसत्या जबड्यात दाबूनच त्याला निपचित करतात. त्या राशीतल्या एका माव्यावर एकच अंडे, तांदळाच्या कणीपेक्षाही बारीक. आतल्या खोल्यांत सहसा मुली आणि दाराजवळच्या खोल्यांत मुलगे. कारण मुलग्यांनी आधी बाहेर पडायचे असते. कोणते अंडे कोठे घालायचे ते आईच्या हाती. या जातकुळीत फळलेल्या अंड्यातून मुलगी होते आणि न फळलेल्यातून मुलगा.

पाहून झाल्यावर सरांनी बोरूचे दोन्ही अर्ध मिटवले आणि मी माझ्या जुन्या वीणेच्या गवसणीचा दोरा काढून ते घट्ट बांधून टाकले. त्यानंतर दर चार दिवसांनी दोरा सोडून पाहत होतो. अंड्यातून पाय नसलेली, डोळे नसलेली पांढुरकी अळी निघाली. शेजारचा मावा खात गेली, फुगत गेली. सगळे संपल्यावर निश्चल पडली. मग त्या निश्चल देहावर पायांच्या, पंखांच्या, डोळ्यांच्या रेघा उमटू लागल्या. आधी पांढऱ्या, मग डोळे काळे, मग सगळे अंग काळे. आणि एका सकाळी बोरूच्या तोंडाशी डोके दिसले. आई केव्हाच नाहीशी झाली होती. ना तिने लेकराला पाहिले, ना लेकराने तिला.

माझ्या शिष्याला त्या सकाळी मी हे सगळे दाखवले. नवी शिकारीण त्या दिवशीही कामात होती. त्याने एक तास तिच्या अकरा फेऱ्या मोजल्या. मग म्हणाला, “बाबा, म्हणजे मुलीने सांगितले ते खरेच आहे.”

खरेच आहे. भिंतीवरच्या कुंभारणीचेही असेच. एका जातीची कुंभारीण अळ्या भरते, दुसऱ्या जातीची कोळी भरते. दोघींनाही आपण कुंभारीणच म्हणतो. त्यांच्या घरातली शिकार कुजत नाही याचे नवल पूर्वीच्या अभ्यासकांना वाटे. फ्रान्समध्ये झाँ-आंरी फाब्र नावाचा एक गरीब शाळामास्तर होऊन गेला, जन्म १८२३ चा. त्याआधी तिथल्या एका नामांकित अभ्यासकाने म्हटले होते, की ही माशी शिकारीत काही टिकाऊ औषध सोडत असावी. फाब्रने स्वतः पाहत बसून १८५५ साली दाखवले, की शिकार मेलेलीच नसते. नांगी नेमकी मज्जेच्या गाठीवर बसते आणि किडा जिवंत असून हालू शकत नाही. म्हणून लेकराला ताजे अन्न मिळते. दाराशी कोणी गुणगुणत बसत नाही. घर लिंपताना तिच्या पंखांचा आणि अंगाचा जो आवाज होतो, तोच आपल्या पूर्वजांच्या कानांनी टिपला. कान त्यांचे चांगले होते. भिंतीपलीकडचे मात्र भिंत फोडल्याशिवाय दिसत नाही.

शिष्याचा चेहरा पडला. म्हणाला, “बाबा, ही तर कसाईण निघाली. गळ्यात माळ घालून हिचा दृष्टांत कसा द्यायचा?”

हा प्रश्न मलाही पहिल्या हिवाळ्यात टोचला होता. आपण माळकरी. मुंगीच्या वारुळाला साखर घालणारे लोक. आणि इथे एकेका लेकराच्या खोलीत वीस-वीस जीव. पण पाहता पाहता काही गोष्टी ध्यानात आल्या. ती शिकारीण स्वतः जगते ती मुख्यतः फुलांतल्या मधावर आणि माव्याने टाकलेल्या त्या गोड चिकट्यावर. ढीग घातलेला मावा लेकरासाठी. खोली भरली की ती पडदा घालते. गंमत म्हणून एक जीव जास्त मारताना मी तिला पाहिले नाही. तिला दया-क्रौर्य चिकटवणे हे आपले काम नव्हे. तो विवेक आपल्याला दिला आहे, आणि तो आपल्यालाच लागू आहे.

तीही निर्वेध नाही. सरांनी सांगितले, की युरोपात सोनेरी-हिरव्या अंगाची एक कोकिळ-माशी आहे. ती शिकारिणीच्या घराकडे फिरकतही नाही. ती पानावरच्या जिवंत माव्याच्याच अंगात आपले अंडे घालून जाते. शिकारीण तो मावा उचलते, कष्टाने घरी आणते, लेकराच्या ताटात ठेवते आणि दार लिंपते. चोर तिने आपल्या हातानेच घरात घेतलेला असतो. कीर्तनात याच्यावर बोलायला एक तास अपुरा पडेल. पण मी ते मोह म्हणून इथेच सोडतो.

आणि याच गोताची दुसरी बाजू ऐका. फुलकिडे पकडणाऱ्या, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या काही माश्या पूर्वी याच पेम्फ्रेडॉनिनी गटात धरत. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकांच्या एका अभ्यासात असे निघाले, की आज पृथ्वीवर असलेल्या सगळ्या मधमाश्यांचे सर्वांत जवळचे नातलग त्या आहेत. म्हणजे मधमाशीचे पूर्वज असेच बारीक शिकारी होते. पुढे एका शाखेने लेकरांना किड्यांऐवजी पराग भरवायला सुरुवात केली. देवाला वाहिलेल्या फुलावरची मधमाशी आणि माझ्या बोरूतली शिकारीण या लांबच्या बहिणी आहेत. हे ऐकल्यावर मी तिच्याकडे कसाईण म्हणून पाहू शकलो नाही.

मग दृष्टांताचे काय? शिष्याला मी गुरुजींनी शिकवलेली जुनी गोष्ट आठवून दिली: दृष्टांत एकदेशी असतो. मुख चंद्रासारखे म्हटले की आल्हाद तेवढा घ्यायचा, डाग घ्यायचे नाहीत आणि अमावास्याही घ्यायची नाही. सिंहासारखा शूर म्हटले म्हणून माणसाला शेपूट शोधायची नसते. पेशस्कृताचा दृष्टांत कशासाठी आला आहे? देहधारी जीव प्रेमाने, द्वेषाने किंवा भयाने ज्याच्या ठिकाणी सगळे मन लावतो, त्याचे रूप त्याला येते, हे सांगण्यासाठी. आणि मूळ श्लोक पाहिला तर तिथे कीटक आपले आधीचे रूप न टाकता साम्याला जातो, असे म्हटले आहे. बोलणे मनाचे चालले आहे. ध्यानाने मन बदलते याचा पुरावा मातीच्या घरात शोधायचाच नाही; तो पन्नास वर्षे नाम घेतलेल्या म्हाताऱ्याच्या वागण्यात शोधायचा. तिथे तो सापडला तर सिद्धांत उभा आहे, तिथे नाही सापडला तर कोणत्याही माशीने तो उभा राहणार नाही.

म्हणून दृष्टांत सांगावा. पण सांगताना जाणत्याने ‘पूर्वी लोक असे मानत’ हे तीन-चार शब्द जोडावेत, आणि आत खरे काय घडते तेही सांगावे. समोर बसलेल्या मुलीने डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट खोटी ठरवून आपण तिला नामापाशी आणू शकणार नाही. ती उठून जाईल, आणि जाताना नामही खोटे समजून जाईल. एका किड्यासाठी केवढे नुकसान! आपल्या संतांनी अनुभवाला मान दिला आहे. मुलीचाही तो अनुभवच आहे.

शिष्य थोडा वेळ गप्प बसला. मग त्यानेच विचारले, “पण बाबा, रूप तर बदलतेच ना? पाय नाहीत, डोळे नाहीत, अशा अळीची पंखवाली माशी होतेच की.”

मला आनंद झाला. होतेच. बंद, काळोख्या खोलीत, कोणाची गुणगुण नसताना, तो आंधळा जीव पंख घेऊन बाहेर येतो. फरक एवढाच, की तो परका जीव नसतो. तो मुळातच तिचा असतो. त्याला जे व्हायचे आहे त्याचे बीज त्याच्यात आधीपासून असते. आईने काय केले? जागा शोधली, सारवली, शिदोरी भरली, दार लावले आणि निघून गेली. आपल्या अद्वैती सिद्धांताला हे जास्त जवळचे नाही का, हे मी त्याला विचारले. उत्तर त्याने द्यायचे होते, मी दिले नाही.

मला मात्र त्या क्षणी माझे गुरुजी आठवले. त्यांनी मला अभंग दिले, चाली दिल्या, पाठांतर दिले. मी पहिले कीर्तन उभे राहून केले, तेव्हा ते या जगात नव्हते. चाळीस वर्षे मी त्यांनी भरून ठेवलेलेच खात होतो. आता माझा गळा गेला आहे, आणि हा मुलगा समोर बसला आहे. तो पुढे कोणत्या गावात, कोणापुढे काय सांगेल, ते मी पाहायला असेन असे नाही. दार लावायच्या आधी खोलीत काय भरतो आहे याची काळजी घेणे एवढेच माझ्या हाती उरले आहे. त्यात खोटा दाणा नको.

काल्याच्या आदल्या दिवशी त्याने प्रवचनात त्या मुलीला पुढे बोलावले, तिने पाहिलेले तिच्याच तोंडून लोकांना ऐकवले, आणि मग एकदेशी दृष्टांत म्हणजे काय ते उलगडले. त्याने मला फोनवर एवढेच सांगितले, की त्या दिवशी माणसे नेहमीपेक्षा जास्त वेळ बसली.

आता शेवटी, शेतात राबणाऱ्या माउलींसाठी दोन गोष्टी. मावा दिसला की पंप पाठीवर घ्यायची आपल्याला घाई होते. आधी शेंड्यापाशी पाच मिनिटे उभे राहा. गव्हाळ रंगाचे फुगलेले मावे दिसतात का, ढालकिडा दिसतो का, काळी बारीक माशी मावा उचलून नेते का, ते पाहा. हे राखणदार कामाला लागलेले असतील आणि मावा थोडा असेल, तर दोन दिवस थांबून पुन्हा पाहा. सरसकट मारणारे औषध मावा आणि त्याचे शत्रू दोघांनाही मारते. मग मावा आठ-दहा दिवसांत पुन्हा उभा राहतो, शिकारीण तितक्या लवकर उभी राहत नाही. ती एकेका लेकरासाठी वीस-वीस फेऱ्या घालणारी आहे.

दुसरे असे, की बांधावरच्या सगळ्या वाळक्या काड्या, पोकळ बोरू, जुन्या लाकडातली किड्यांनी पाडलेली भोके एकदम जाळू-बुजवू नका. त्यांत कोणाची तरी लेकरे दार लावून निजलेली असतात. पावसाच्या आडोशाला, सकाळचे ऊन लागेल अशा जागी, एका बाजूने बंद असलेल्या बारीक बोरूंची मूठभर जुडी बांधून ठेवली, तरी एखादे वेळी भाडेकरू येतो. या शिकारिणीची भीती बाळगायचे कारण नाही. दोन हिवाळे मी तिच्या वाटेत बसलो आहे. ती मला वळसा घालून जाते.

पुढचे ज्याचे त्याने आपल्या डोळ्यांनी पाहावे. राम कृष्ण हरी.